जावई आणि वारकरी

विंडोज ११ ला घरात घ्यायचं तर ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० चिप, एवढा मानपान आधी करावा लागतो. जावईच तो! ऑस्ट्रेलियाच्या बॅरी कौलर यांनी २००३ मध्ये आणलेलं पपी लिनक्स मात्र वारकऱ्यासारखं पेन ड्राइव्हच्या पडशीतून येतं, रॅममध्ये पथारी पसरतं आणि सांगितल्याशिवाय हार्ड डिस्कला हातही लावत नाही. टायनी कोअर लिनक्स तर डेस्कटॉपसकट २५ एमबीच्या आसपास. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवरचा 'शुभ सकाळ' व्हिडिओ कधीकधी याहून जड असतो. तरी चांगला चालता संगणक भंगारात देताना आपण हळहळतो, 'दमला बिचारा.' दमलेला नाही तो. आधी त्याच्या डोक्यावरचा जावई उतरवा.