दहा गोल आणि एक थोरला भाऊ

नातू म्हणतो ‘ओव्हररेटेड’ आणि ‘अंडररेटेड’. आमच्या कट्ट्यावर त्याला ‘डोक्यावर चढवलेला’ आणि ‘दबून गेलेला’ म्हणतात. ग्वाल्हेरच्या थंडीत, लष्कर भागातल्या एका बेढईच्या दुकानासमोर सकाळी सातला आम्ही तिघं जमतो : मी, माझा दादा आणि रेल्वेतून निवृत्त झालेले काका. तिघांपैकी हॉकी स्टिक हातात धरलेली फक्त काकांनी, तीही माकडं हाकलायला.

हॉकीतला कोण डोक्यावर चढवलेला आणि कोण दबून गेलेला, यावर रोज वाद. अट एकच, खेळाडू निवृत्त हवा. खेळत्या माणसावर बोललं की तो दुसऱ्याच दिवशी गोल मारून आपलं तोंड बंद करतो.

काकांचं सासर खडकीचं, त्यामुळे त्यांच्या यादीत पहिला आणि शेवटचा धनराज पिल्ले. “चार ऑलिंपिक, पदक एक नाही,” असं दादानं म्हटलं की ते 1998 च्या बँकॉक एशियाडचं सुवर्ण काढतात, 32 वर्षांनी आलेलं. सासुरवाडीचा माणूस, आम्ही विषय सोडून देतो.

माझा माणूस मात्र गावातला. रूपसिंग. ध्यानचंदांचा धाकटा भाऊ, शिंदे सरकारांच्या फौजेतला कॅप्टन. 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आपण अमेरिकेला 24-1 असं धुतलं, त्यात रूपसिंगचे 10 आणि ध्यानचंदांचे 8. दोन सामन्यांत मिळून धाकट्याचे 13, थोरल्याचे 12. तरी क्रीडादिन कुणाच्या वाढदिवसाला? खेलरत्न कुणाच्या नावाचं? आता माझंच बघा, ध्यानचंदांना अहो-जाहो आणि रूपसिंगला अरे-तुरे.

“तीनच संघ होते,” दादा बेढई मोडत म्हणतो. “दोन्ही सामने हरून अमेरिकेला कांस्यपदक मिळालं. असल्यांना दहा गोल मारले त्याचं कसलं कौतुक!”

“मग ध्यानचंदांचे आठ काय दुसऱ्या कुणाला मारले होते?”

“ते आठ जिंकायला. तुझ्या रूपसिंगचे दहा हौसेचे.”

काकांच्या मते त्या सामन्यातला खरा दबून गेलेला माणूस आपला गोलकीपर रिचर्ड ॲलन. असं सांगतात की अमेरिकेचा एकुलता एक गोल झाला तेव्हा तो गोलच्या मागे उभा राहून लोकांना सह्या देत होता. “ड्यूटीवर असताना सही केली, एवढाच गुन्हा,” काका कळवळून म्हणतात. त्यांची सगळी नोकरी त्यातच गेली.

रूपसिंगच्या नावाचं स्टेडियम आहे की गावात, असं कुणी म्हणेल. आहे. मूळचं हॉकीचं, पुढं तिथं क्रिकेट शिरलं. 24 फेब्रुवारी 2010 ला त्याच मैदानावर सचिननं नाबाद 200 काढले, पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांतलं पहिलं द्विशतक, आणि रूपसिंगचं नाव जगभर पोचलं. पत्ता म्हणून. 2024 मध्ये शंकरपूरला नवं स्टेडियम झालं, तेव्हा मोठं क्रिकेटही तिकडे गेलं.

पण खरी गोष्ट कपड्यांची. लॉस एंजेलिसला जायची वेळ आली तेव्हा म्हणे रूपसिंग अडून बसला : अंगावर घालायला धड कपडे नाहीत, मी येत नाही. शेवटी ध्यानचंदांनी पदरचे पैसे घालून त्याला नवा सूट घेऊन दिला. ही गोष्ट मी सांगतो रूपसिंगचा ताठा दाखवायला, दादा सांगतो ध्यानचंदांचा मोठेपणा दाखवायला. मला बोचतं ते वेगळंच. नवा सूट! इथं मॅट्रिकपर्यंत माझ्या वाट्याची प्रत्येक विजार आधी दादाचे गुडघे बघून आलेली. नवीकोरी मिळाली असती तर मीही दहा मारले असते.

परवा हे सगळं मी तावातावानं बोललो. इतकं, की जानेवारीतसुद्धा अंगातला स्वेटर नकोसा झाला. दोन्ही हात वर करून तो डोक्यातून ओढायला लागलो तर गळ्यापाशी अडकला. आत लोकरीचा अंधार. बाहेरून दादाचा आवाज आला.

“हळू काढ. माझा आहे तो.”