फर्मवेअर आणि गृहसौख्य

घरातील राउटर हा मुळात एक छोटा संगणकच असून त्याचे सर्व व्यवहार ज्या मूळ आज्ञावलीवर चालतात तिला फर्मवेअर म्हणतात. ही आज्ञावली फ्लॅश स्मृतीत, म्हणजे वीज गेल्यावरही मजकूर टिकवून धरणाऱ्या चिपमध्ये, लिहिलेली असते. ती अद्ययावत करताना जुनी पुसून तिच्या जागी नवी लिहावी लागते, आणि स्वस्त राउटरांत दोन्ही शेजारी ठेवण्याइतकी जागाच नसल्यामुळे (लिंक्सिसच्या गाजलेल्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरच्या अनेक आवृत्त्यांत ही स्मृती अवघी ४ मेगाबाइट होती) जुने गेले आणि नवे पुरते आले नाही, असा काही काळ या विधीत अटळ असतो. ‘वीजपुरवठा बंद करू नये’ ही सूचना त्याच काळासाठी पडद्यावर झळकते. मात्र त्याच सॉकेटला इस्त्री लावू पाहणाऱ्या कुटुंबीयास ती वाचण्याचा योग येत नाही, हा तिच्यातील शास्त्रीय दोष होय.

अर्धवट लिहिला गेलेला राउटर निष्प्राण दिसत असला, तरी यंत्र सुरू होताच सर्वांत आधी जागा होऊन फर्मवेअरला उठवणारा बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम सहसा शाबूत असतो, कारण नेहमीच्या अद्ययावतीकरणात त्याला हात लावला जात नाही. अनेक राउटरांत हा प्रोग्राम सुरुवातीचे मोजके सेकंद टीएफटीपीने कोणी फाइल पाठवते आहे काय, याची वाट पाहतो. टीएफटीपी ही १९८१ सालापासून लिखित नियमांत बसवलेली फाइल पाठवण्याची पद्धत असून तीत फाइलचे ५१२ बाइटांचे तुकडे केले जातात, एका तुकड्याची पोच आल्याखेरीज पुढचा सोडला जात नाही, आणि पासवर्ड विचारण्याची तरतूदच नाही. सख्ख्या मेहुण्याकडूनही पासवर्ड वसूल करणारा राउटर त्या सेकंदांपुरता, पहाटे डुलकी लागलेल्या सोसायटीच्या वॉचमनसारखा, कोणालाही आत घेतो.

अडचण एवढीच की संगणकाला पत्ते वाटणारा राउटरच आडवा झाल्यामुळे संगणकाचा आयपी पत्ता हाताने भरावा लागतो. टीपी-लिंकच्या कित्येक प्रारूपांत तर बोलणीच उलट दिशेने सुरू होतात: रीसेटचे बटण दाबून धरल्यावर राउटर स्वतःच १९२.१६८.०.६६ या पत्त्यावरील संगणकाकडे ठरावीक नावाची फाइल मागतो, आणि नावात एखादे अक्षर चुकले तर काहीही न बोलता रुसून बसतो. विंडोजमध्ये टीएफटीपीची सोय मुळात बंद ठेवलेली असते. ती सुरू केल्यावर फायरवॉल आडवी येते. आणि या सर्वांवरचे उपाय मोबाइलच्या डेटावर शोधले जात असताना आतल्या खोलीतून ‘बंद करून चालू केलं का?’ हा सनातन प्रश्न ठरावीक अंतराने येत राहतो.

याहून धाडसी उपचारांत राउटरचे झाकण उघडले जाते. जुन्या डब्ल्यूआरटी५४जीच्या फ्लॅश चिपचे दोन विशिष्ट पाय स्क्रू ड्रायव्हरने क्षणभर जोडून बूटलोडरला फर्मवेअर बिघडल्याचे पटवून द्यायचे, की तो बिचारा नव्या फाइलची वाट पाहू लागे. आजाऱ्याला आजारी असल्याची खात्री पटवण्याचे असे उदाहरण वैद्यकातही विरळा. सीरियल केबल जोडून बूटलोडरशी थेट बोलण्याचा मार्ग अधिक सभ्य असला, तरी तेथील संकेत बहुधा ३.३ व्होल्टचे असतात, आणि ५ व्होल्टची केबल लावणाऱ्यास पुढील संशोधन नव्या राउटरवर करावे लागण्याचा संभव असतो.

फाइल स्वीकारली गेली आणि दिवे यथाक्रम लागले, तरी राउटर बहुधा पूर्वस्मृती गमावूनच परततो. वायफायचे कारखान्यात दिलेले नाव व पासवर्ड पाठीवरच्या लेबलावर असतात, आणि राउटर भिंतीवर टांगलेला असल्यामुळे ती पाठ भिंतीकडे असते. पीपीपीओई, म्हणजे नाव आणि पासवर्ड देऊन इंटरनेट सुरू करण्याची पद्धत, जेथे आहे तेथे ती अक्षरे केवळ केबलवाल्याकडे असतात. तो दुसऱ्या दिवशी येतो, राउटर हातात घेतो, झाकणाच्या कडेवरील स्क्रू ड्रायव्हरचा ओरखडा न्याहाळतो आणि विचारतो, ‘‘साहेब, कुणी हात लावला होता का याला?’’