थक्क कसे व्हावे : कर्जत-खालापूरपुरत्या सूचना

कृतज्ञता वाटून घेण्यासाठी हल्ली मुंबईची माणसे कर्जतला येतात. शनिवारी सकाळी फार्महाउसच्या हिरवळीवर चटई अंथरतात, डोळे मिटून झाडांचे आभार मानतात आणि रविवारी दुपारी चेकआउट करतात. ही सोय स्थानिकांना परवडणारी नाही. शिवाय ज्यांनी इथे जन्म काढला त्यांना आश्चर्य वाटायचे केव्हाच बंद झालेले असते. अशा गरजूंसाठी या सूचना. वही, मेणबत्ती वगैरे साहित्य लागत नाही. छत्री असावी. डोळे उघडे ठेवावेत.

सुरुवात स्टेशनपासून करावी. पुण्याकडे जाणारी गाडी फलाटाला लागली की डब्यांतून माणसे दिवाडकरांच्या वड्याकडे धावतात. गाडी वड्यासाठीच थांबते अशी कित्येकांची पिढीजात समजूत आहे. ती मोडण्याच्या भरीस पडू नये. आपण मात्र वडा घेऊन गाडीच्या शेपटाकडे चालू लागावे. तिथे मागून जादा इंजिने जोडत असतात. त्यांना बँकर म्हणतात. कर्ज देणाऱ्यांशी त्यांचा संबंध नाही. हे मागे राहून ढकलतात आणि घाट चढून झाला की मुकाट बाजूला होतात. पुढे बोरघाट आहे, ३७ मीटर पुढे सरकले की १ मीटर वर, असा. आगगाडीला हा चढ चढवायचे काम १८६३ साली पुरे झाले आणि त्यात हजारो मजूर मेले, कोणी दरडीखाली, कोणी पटकीने. त्यांतल्या एकाचेही नाव आपल्याला सांगता येत नाही. इथे वड्याचा पुढचा घास थोडा उशिरा घ्यावा.

वंदे भारतला बँकर लागत नाही, ती कर्जतला थांबतही नाही. तिच्यातल्या प्रवाशांबद्दल अनुकंपा बाळगावी.

पुढचा अभ्यास मे महिन्यात करायचा आहे, कारण पावसाळ्यात नदीला पाणी असण्याचे कौतुक कोण करणार? भर उन्हाळ्यात पेज नदीवर जाऊन उभे राहावे. तालुक्यातले ओढे खडखडीत, विहिरी तळाला गेलेल्या, वाड्यांवर टँकरची वाट पाहणे चाललेले, आणि पेज मात्र वाहते आहे. हे पाणी मुळात तिचे नव्हेच. ते मावळातल्या आंध्रा नदीचे. आंध्रा इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी देहू-आळंदीवरून भीमेला, आणि भीमा पंढरपुराला. म्हणजे वारीला रीतसर निघालेले पाणी. टाटांनी ते ठोकरवाडीला धरण बांधून अडवले, डोंगरातून पश्चिमेला वळवले आणि १९२२ सालापासून भिवपुरीच्या वीजघरात उतरवले. (भिवपुरी रोड स्टेशनवर उतरून वीजघर शोधू नये. बरीच पायपीट होईल आणि कृतज्ञता उरणार नाही.) चक्रे फिरवून झाली की हे पाणी पेजेत येते. त्यावर राजनाला कालवा भरतो, दुबार भात पिकते, आणि उरलेले उल्हासमार्गे बदलापूर-कल्याणकडे जाते. बंगालच्या उपसागराचे तिकीट काढलेले पाणी अरबी समुद्राला पोचते.

तेव्हा पेजेत अंघोळ केल्यास चंद्रभागेचे थोडे तरी पुण्य लागावे, असे आमचे मत आहे. शास्त्राधार विचारू नये. आपल्या हिश्शाचे पाणी गेले म्हणून घाटावरच्या शेतकऱ्याला काय वाटत असेल, तेही जाता जाता मनात आणावे. आभार मानताना माल कोणाच्या घरून आला हे ठाऊक असलेले बरे.

जूनचा पहिला पाऊस पडला की बाजारात रस्त्याकडेला ठाकर आणि कातकरी बाया रानभाज्या घेऊन बसतात. टाकळा, कुर्डू, भारंगी या भाज्यांवर नवशिक्याने हात बसवावा. पुरती तयारी झाल्यावरच शेवळांकडे वळावे. शेवळ म्हणजे पान फुटण्याआधी जमिनीतून वर आलेला जांभळट कोंब. त्याला पाहून 'हे खायचे?' असा प्रश्न पडणे हा विस्मयाचा पहिला टप्पा. दुसरा टप्पा घशात येतो. शेवळ खाजरे असते आणि त्यावर उतारा काकडांचा, म्हणजे त्याच सुमारास रानात धरणाऱ्या लहान आंबट फळांचा. शेवळांचा वाटा उचलून तुम्ही निघालात की भाजीवाली विचारते, "ताई, काकडं नको का?" हा प्रश्न म्हणजे विक्रीची युक्ती आहे असे समजणारे लोक त्या रात्री घसा खाकरत बसतात. आतला पिवळा भाग काढून टाकावा, चिरलेली शेवळं तेलावर परतावीत, काकडांचा रस घालून शिजवावीत. घरात चालत असेल तर सोडे घालावेत. हा खाजरा कोंब खाण्याजोगा आहे हे पहिल्यांदा कोणी ठरवले असेल? काकडाची जोडी सापडेपर्यंत किती घसे खपले असतील? त्या अनाम घशांना स्मरून भाजीवालीशी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नये. हिरवळीवरच्या चटईचे भाडे आपण विनातक्रार दिलेले असते.

रोजच्या भाताबद्दल वेगळे प्रात्यक्षिक नाही. 'कर्जत-३' हे वाण इथल्याच संशोधन केंद्राचे, एवढे पहिल्या घासाला आठवले तरी पुरे.

शेवटचा अभ्यास खोपोलीकडचा. डोंगरावरून उतरणारे जलवाहिन्यांचे जाडजूड नळ पाहायचे आहेत. लोणावळ्याकडच्या तलावांचे पाणी त्यांतून सुमारे ५०० मीटर खाली येते. १९१५ साली त्याची वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी सुरू झाली. गिरण्या गेल्या, पाणी उतरायचे थांबलेले नाही. तिथे जाण्यासाठी कर्जतहून खोपोली लोकल धरावी. मार्ग एकेरी, गाड्या मोजक्या, त्यामुळे फलाटावर बसून आश्चर्य करायला वेळ भरपूर मिळतो. गाडीत खिडकी मिळाली तर उत्तमच. नाहीतर खिडकीतल्या काकांना नम्रपणे विचारावे, "कुठे उतरणार?" पळसदरी किंवा केळवली म्हणाले तर तिथेच उभे राहावे. खोपोली म्हणाले तर दुसरे काका शोधावेत.