बघेकाका

बघेकाका हरत नाहीत. त्यांचा डाव जातो, गुण जातो, वजीर तर दर गुरुवारी जातो. पण हरणं म्हणून जी काही क्रिया आहे ती त्यांच्या हातून आजवर घडलेली नाही. कारण ज्या चालीनं त्यांच्यावर मात होते, ती त्यांनी आधीच बघितलेली असते.

"तो उंट ना? बघितला होता मी!"

त्यांचं आडनाव वेगळंच आहे, पण क्लबात ते आता फक्त स्पर्धेच्या पावतीवर उरलंय. असा एक इसम तुमच्याही क्लबात असणार. नसेल तर नीट बघा, तुम्हीच असाल.

मागे एकदा मी घोड्यानं त्यांचा राजा आणि वजीर एकदम धरला. तीन मिनिटांचा डाव, चालीमागे दोन सेकंद जादा, आणि काकांच्या घड्याळात उरलेले अकरा सेकंद. शहाणा माणूस राजा हलवील. काकांनी चॅटच्या चौकटीत, काना-मात्रेसकट, 'घोडा बघितला होता' एवढं टंकलं. तेवढ्यात वेळ संपली. मिनिटभरात फोन. "वेळ संपणार हेही बघितलं होतं रे."

आमचा क्लब म्हणजे पुण्यातल्या एका वाचनालयाची माडी. सहा पट, त्यातल्या एकाचा काळा हत्ती हरवलाय, त्याच्या जागी औषधाच्या बाटलीचं झाकण. 2020 साली माडीला कुलूप लागलं आणि आम्ही सगळे लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर गेलो. पुढे कुलूप निघालं, पण गुरुवारी रात्री नऊची ऑनलाइन स्पर्धा राहिली ती राहिलीच. घरच्यांना वाटतं आपण काहीतरी कामाचं करतोय, हा तिचा मोठा फायदा.

लिचेसवर नवं खातं उघडलं, की एकही चाल न खेळता 1500 रेटिंग मिळतं. काकांच्या कारकिर्दीतला तोच उच्चांक. सध्या ते 1390च्या आसपास असतात. "एलो हा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक होता," ते समजावतात. "त्याची पद्धत 1970 साली फिडेनं घेतली. ती पद्धत निकाल मोजते. माणसानं काय बघितलं, ते कुठं मोजते?" यावर उत्तर नाही. काका मूळचे सांगलीचे. भाऊसाहेब पडसलगीकरांनी जिथं पोरांना पटापुढे बसवलं ती सांगली, त्यामुळे वादात त्यांना पाच-पन्नास गुण आधीच दिलेले असतात.

डाव झाल्यावर चुका दाखवायला स्टॉकफिश आहे. मूळ इंजिन एका नॉर्वेकराचं, पुढचा स्वयंपाक एका इटलीकराचा, म्हणून हे नाव. स्टॉकफिश म्हणजे वाळवलेला कॉड मासा. आपल्या हिशेबानं थोरला सुका बोंबील. काका कट्टर शाकाहारी. त्यांच्या 19व्या चालीपुढे त्यानं दोन लाल प्रश्नचिन्हं ठोकली, तेव्हा ते म्हणाले, "माशाचं काय ऐकायचं? ती चूक मी त्याच्याआधी बघितली होती."

"मग केलीत कशाला?"

"तो वेगळा विषय आहे."

12 डिसेंबर 2024ला जगज्जेतेपदाच्या लढतीतला गुकेश आणि डिंग लिरेनचा चौदावा, शेवटचा डाव आम्ही माडीवर लॅपटॉपभोवती कोंडाळं करून बघत होतो. बरोबरीकडे चाललेल्या डावात डिंगनं 55व्या चालीला हत्ती एफ-टूवर नेला. आधी हत्ती, मग उंट मारामारीत गेले की उरणार राजा-प्याद्यांचा हरलेला शेवट. ही चूक आपल्या लगेच लक्षात आली नव्हती, असं खुद्द गुकेशनं नंतर सांगितलं. बघेकाकांच्या आली होती. त्या क्षणी ते खाली भजी आणायला गेले होते, ही गोष्ट आम्ही सौजन्यानं गिळली. भजी गरम होती.

आता एक कबुली. एकदा मी त्यांच्या खात्यात कोड्यांचं रेटिंग पाहिलं. 2080! आमच्या क्लबात तेवढं कुणाचंच नाही. पण कोड्यात कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं, की बाबा, इथं काहीतरी आहे. डावात तसं कुणी सांगत नाही. म्हणजे हा माणूस इतकी वर्षं खरंच बघत होता की काय, अशी एक गैरसोयीची शंका मला आली. मी ती दाबून टाकली.

मग काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सुनेनं मोबाईल कपाटात टाकून किल्ली स्वतःकडे ठेवली. गुरुवारी नऊ वाजता काकूंच्या बटणांच्या फोनवरून फोन आला. आवाज चोरट्यासारखा.

"पट मांड. मी तोंडी खेळतो. ई-फोर."

मी मांडला. सहाएक चालींत हे गडबडणार, मग तब्येतीची चौकशी करून फोन ठेवायचा, असा माझा बेत. पण घड्याळ नव्हतं, घाई नव्हती. प्रत्येक चालीआधी पलीकडे मोठा श्वास ऐकू यायचा, मागे कुकरची शिट्टी. "तुझा राजाकडचा घोडा आता एफ-सिक्सवर नाही ना?" नव्हता. तेराव्या चालीला ते फार वेळ गप्प राहिले. मला वाटलं, झोप लागली.

"उंट घेतो एच-सेव्हन. शह."

मी उंट मारला. घोडा जी-फाइव्ह, शह. राजा मागे. वजीर एच-फाइव्ह. पुस्तकात शंभरदा पाहिलेला हल्ला, आणि माझा राजा त्याच्या मधोमध उघडा. पुढं खेळण्यासारखं काही नव्हतं. मी डाव सोडला, आणि तोंडातून आपोआप निघून गेलं, "उंटाचं मी बघितलं होतं, काका."

पलीकडे शांतता. मला वाटलं, आता हसतील.

"बघितलं असशीलच," ते हळूच म्हणाले. "दिसतं रे सगळं. पन्नास वर्षं दिसतंय. समोर पट असला की हात दुसरंच काहीतरी उचलतो." मग "सून आली" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तीन आठवड्यांनी ते परतले. नऊच्या ठोक्याला त्यांच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला आणि मला बरं वाटलं, हे मी क्लबात कुणाला सांगितलेलं नाही. आमची गाठ पडली, तेव्हा मी काळ्यानं चाल-चाल तोच डाव मांडला. मुद्दाम. घोडा एफ-सिक्सवरून उठवला, एच-सेव्हन उघडं टाकलं आणि थांबलो. तीन मिनिटांच्या डावात काकांनी 40 सेकंद घेतले. 41व्या सेकंदाला त्यांनी कडेचं प्यादं एक घर, ए-थ्रीवर सरकवलं.

मी चॅटमध्ये लिहिलं, 'उंट?'

उत्तर तयारच होतं. 'बघितला होता.'