वासाचं शाळेतलं नाव

मार्व्याहून फेरीबोटीत बसलं की पावसाळा सरल्यानंतरच्या दिवसांत मनोरी आधी नाकाला कळते. वलांडीवर बोंबील टांगलेले असतात. सुट्टीला आलेले पाहुणे रुमाल शोधतात, गाववाल्यांच्या गप्पा मात्र चालूच. या वासाचं शाळेतलं नाव ट्रायमिथिलअमाइन.

असल्या नावांनी पोरांच्या पोटात उगीच गोळा येतो. हे नाव म्हणजे रेशनकार्ड. घरात कोण आणि किती, सगळं त्यावर लिहिलेलं. ‘अमाइन’ म्हटलं की मध्ये नायट्रोजन. इथे त्याची संयुजा तीन. तिन्ही बाजूंना एकेक मिथिल, म्हणून ‘ट्राय’. मिथिल म्हणजे तीन हायड्रोजन घेऊन आलेला एक कार्बन. झालं सूत्र: कार्बन ३, हायड्रोजन ९, नायट्रोजन १. जिवंत माशात याच नावापुढे ‘ऑक्साइड’ असतं आणि वास नसतो. मासा मेला की जिवाणू तो एवढासा ऑक्सिजन काढून घेतात आणि सगळी आळी दरवळते! चिंच-कोकमाचं आम्ल या अमाइनला धरून ठेवतं, हवेत उडू देत नाही. हे कोळणीला कुणी शिकवलेलं नाही.

जुनी नावं मात्र बेभरवशाची. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. त्यात हिऱ्याचा कण नाही. युरोपात ‘शिशाची साखर’ होती. चवीला खरंच गोड आणि तितकीच विषारी. अखेर १७८७ मध्ये लाव्हाझिए आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी पॅरिसात नावांची नवी पद्धत छापली: नावावरून घटक कळले पाहिजेत. पुढे बर्झेलियसने मूलद्रव्यांना अक्षरं दिली, आणि सोडिअमला ‘एन ए’ दिलं. सोडिअमच्या स्पेलिंगमध्ये ना ‘एन’, ना ‘ए’! ते आलं ‘नेट्रियम’ या लॅटिन नावातून. पण मार्क आपले जातात.

त्याच ‘एन ए’चं एन-ए-सी-एल, म्हणजे मीठ, आता मनोरीत मोठ्या हिशेबात आलं आहे. महापालिकेने इथे रोज २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्रातून काढायचा प्रकल्प आखला आहे. लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार धरले, तर तेवढ्या समुद्राच्या पाण्यात ७ हजार टन, त्यातला मोठा भाग साधं मीठ. इंजिनिअर सूत्र सांगतात. कोळी विचारतात, काढलेला खार परत टाकणार कुठे?