आगाऊ गृहस्थ

‘आगाऊ’ या शब्दाला आपल्या भाषेने दोन अर्थ बहाल केले आहेत. त्यांपैकी एक मुदतीपूर्वी भरणा केलेल्या रकमेला लागतो, आणि दुसरा, वडील माणसांच्या बोलण्यात तोंड घालणाऱ्या पोराला. मुलकी खात्याच्या चाकरीत बत्तीस वर्षे काढूनही हे दोन अर्थ एकमेकांच्या नात्यातले असतील अशी शंका मला कधी शिवली नव्हती. परंतु सन २००७ च्या भाद्रपदात, माझी थोरली बहीण अक्का हिच्यासह अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील बेलव्ह्यू या गावी तिच्या चिरंजीवांच्या घरी मुक्कामास असताना, ते दोन्ही अर्थ एकाच देहात, एकाच खुर्चीवर आणि एकाच वेळी सुखाने नांदत असलेले मी याचि डोळां पाहिले.

तसा हा गृहस्थ प्रत्येक पिढीत जन्म घेतोच. आमच्या तरुणपणी तो नाटकाच्या पहिल्या प्रयोगास न जाता रंगीत तालमीस जाऊन बसे, आणि पडदा वर जाण्याआधी आठ दिवस ‘दुसरा अंक पडणार’ हे भाकीत चौकाचौकातून सांगत फिरे. लग्नघरी पंगत बसण्यापूर्वी आचाऱ्याच्या पाठीशी उभा राहून द्रोणभर आमटी ओरपणारा तोच, आणि कचेरीत बदल्यांच्या हुकमांवर साहेबांची सही होण्याअगोदर कोणाची कोठे उचलबांगडी झाली हे चहाच्या कपाबरोबर वाटणाराही तोच. त्याला आमटीची भूक असते असा कोणी समज करून घेऊ नये. पंगतीत पहिला भात वाढला जात असताना ‘मीठ मघाशी कमी होते, आता बरे आहे’ एवढे वाक्य उच्चारण्याचा हक्क त्याला हवा असतो, आणि त्या हक्कासाठी तो जीभही पोळून घेतो.

आमचे भाचे हे या जुन्या घराण्यातले असले तरी त्यांचे क्षेत्र संगणकावरील खेळांचे. कोणताही खेळ बाजारात दाखल होण्यापूर्वी त्याची जी अर्धीकच्ची प्रत निवडक लोकांच्या हाती देतात, तिला ते लोक ‘बीटा’ म्हणतात. ग्रीक वर्णमालेतील हे दुसरे अक्षर. आमच्या कचेरीत याच वस्तूला कच्चा मसुदा म्हणत, आणि तो वरिष्ठांखेरीज कोणाच्या दृष्टीस पडू नये असा बंदोबस्त ठेवीत. येथे मात्र कच्चा मसुदा पाहावयास मिळावा म्हणून शहाणीसुरती, पदवीधर, मुलाबाळांची माणसे आगाऊ पैसे मोजतात आणि वर त्यातील चुका शोधून कंपनीला कळवितात. म्हणजे कारकुनी त्यांची आणि पगारही त्यांनीच द्यावयाचा.

प्रस्तुत खेळाचे नाव ‘टीम फोर्ट्रेस टू’, आणि तो करणारी व्हॉल्व्ह नावाची कंपनी त्याच बेलव्ह्यू गावची, याचा भाच्यांना असा अभिमान की जणू काही शेजारच्या आळीतील मुलगा मॅट्रिकला पहिला आला आहे. पाच खेळ एका नारिंगी पेटीत घालून त्या साली ती विकावयास काढली होती, आणि तिची आगाऊ नोंदणी करणारास या एका खेळाचा बीटा १७ सप्टेंबरपासून खुला व्हावयाचा होता. घरच्या दीड दिवसाच्या गणपतीचे परसातील बादलीत विसर्जन झाले ते आदल्या संध्याकाळी. अक्काने रिकाम्या मखराकडे पाहून डोळे पुसले. भाच्यांचे लक्ष घड्याळाकडे होते.

या खेळाचा पूर्वेतिहास त्यांनी मला त्या रात्री, तो संगणकात उतरून येईपर्यंतच्या अवधीत, एखाद्या वतनाच्या कैफियतीसारखा ऐकविला. १९९६ साली तिघा ऑस्ट्रेलियन तरुणांनी ‘क्वेक’ नामक दुसऱ्याच्या खेळात फेरफार करून मूळ टीम फोर्ट्रेस रचला. पुढे व्हॉल्व्हने त्या मंडळींना आपल्या पदरी घेतले. १९९९ साली लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात त्याची दुसरी आवृत्ती खऱ्याखुऱ्या लष्करी पेहेरावात मिरविली गेली. आणि मग, आमच्याकडे एखाद्या धरणाची कोनशिला बसल्यावर जे होते तेच होऊन, ती वर्षानुवर्षे कोणाच्या दृष्टीस पडली नाही. तिच्या नावाने लोक विनोद करू लागले. अखेर २००६ साली ती पुन्हा प्रकट झाली तेव्हा लष्करी गणवेश गळून पडला होता आणि त्या जागी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अमेरिकन मासिकांत लायेनडेकर वगैरे चित्रकार काढीत तशा धर्तीची रंगीत, ठसठशीत, काहीशी अर्कचित्रासारखी माणसे उभी होती. “मामा, मी नव्व्याण्णवपासून वाट पाहतोय,” भाचे म्हणाले. स्वतःच्या लग्नासाठी त्यांनी चार महिनेही वाट पाहिली नव्हती, हे त्यांच्या पत्नीने स्वयंपाकघरातून नमूद केले.

खेळ म्हणाल तर तांबड्या आणि निळ्या अशा दोन पक्षांची लढाई. परंतु त्यातील शिपाई एका साच्याचे नाहीत. गावगाड्यात जसे बारा बलुतेदार, तसे येथे नऊ, आणि प्रत्येकाचे काम वाटून दिलेले. बॉस्टनचा एक वाह्यात पोरगा नुसता धावतो आणि हवेत असतानाच दुसरी उडी मारतो. स्कॉटलंडचा एकाक्ष सुरुंगवाला आहे. रशियन पहिलवान आपल्या बंदुकीस ‘साशा’ असे लाडके नाव ठेवून तिच्याशी बोलतो. टेक्ससचा कारागीर स्वयंचलित तोफ उभारून तिच्यावर पान्याने ठोके घालीत बसतो. शिवकाळातील किल्ल्यावर हवालदार आणि सबनीस यांच्या जोडीस जो कारखानीस असे, त्याचा हा वंशज समजावा. तोंडावर मुखवटा चढविलेला एक आगलाव्या आहे. त्याचे एक अक्षर कोणास कळत नाही, आणि म्हणूनच की काय, त्याच्याशी कोणी वाद घालीत नाही. यांपैकी कोणीही कितीही दूर, कितीही अंधारात उभा असला तरी नुसत्या बाह्याकृतीवरून ओळखू यावा अशी योजना रचनाकारांनी बुद्धिपुरस्सर केली आहे. सावंतवाडीच्या बाजूस पिंगुळी येथे ठाकर मंडळींच्या चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ मी पाहिला होता. पडद्यावर सावली पडताच हा रावण हे पोरासोरांनाही कळे. ही गोष्ट मी भाच्यांना सांगितली तेव्हा त्यांनी ती तत्काळ पुण्यातील आपल्या मित्रास दूरध्वनीवरून स्वतःच्या नावावर खपविली. तेथे त्या वेळी पहाटेचे चार वाजले होते.

मला स्वतःला त्या रणभूमीवर एकदा उतरविण्यात आले. मी पहिलवान झालो, कारण त्यास फारसे पळावे लागत नाही. आणि भाचे शेजारच्या संगणकावर, केवळ माझ्या जिवासाठी, जर्मन डॉक्टर होऊन माझ्या पाठीशी राहिले. या डॉक्टरचे औषध नळीवाटे धारेसारखे अंगावर येते, आणि पहिलवानाची मुळातील तीनशेची प्राणशक्ती साडेचारशेपर्यंत फुगविते. पुरेशी सेवा केली म्हणजे त्याच्या यंत्रात पुण्य साठते आणि ते खर्ची घातले असता डॉक्टर व रोगी दोघेही आठ सेकंद अभेद्य होतात. “मामा, आता! आता आत शिरा!” असे भाचे ओरडले. माझी आठांपैकी सहा सेकंदे कोणते बटण दाबावयाचे ते पाहण्यात गेली आणि उरलेल्या दोनांत मी भिंतीकडे तोंड करून अभेद्य उभा होतो. तथापि माझे प्रांजळ मत असे की, या सबंध धुमाकुळात खरे शौर्य त्या डॉक्टरचेच. स्वतः फारसे न मारता, दुसऱ्याच्या पाठीमागे धावत, शिव्या खात तो लढाई जिंकून देतो. भाचे एरवी डॉक्टर होण्यास कधी तयार नसत, हे येथे सांगितले पाहिजे. आगाऊ गृहस्थाला पाठीमागे राहणे मानवत नाही.

एका मैदानाचे नाव ‘टूफोर्ट’. पाण्याच्या खंदकावर छपराचा पूल, त्याच्या दोन तीरांवर समोरासमोर दोन गढ्या; त्या वरून कोठारासारख्या दिसणाऱ्या, आणि आत तळघरात खलबतखाने. या दोन गढ्यांमध्ये अहोरात्र जो रक्तपात चालतो तो राज्यासाठी नव्हे, द्रव्यासाठी नव्हे, स्त्रीसाठीही नव्हे. शत्रूच्या तळघरातील कागदपत्रांची एक बॅग पळवून आपल्या तळघरात आणून ठेवावी एवढ्यासाठीच. ती पळवून नेताना तीतून कागद वाऱ्यावर उडत असलेले दिसतात. दफ्तरासाठी माणसे प्राण देत आहेत, हे दृश्य पाहून माझ्यासारख्या सेवानिवृत्त अव्वल कारकुनाचा कंठ दाटून आला असल्यास वाचकांनी मला हसू नये. आमच्या वेळी दफ्तर जळाले तरी कोणी बादलीभर पाणी आणीत नसे.

परंतु भाच्यांच्या जिव्हाळ्याचा बलुतेदार म्हणजे फ्रेंच हेर. बहुरूप्याप्रमाणे तो शत्रूच्याच माणसाचा वेष घेतो, त्यांच्या गोटात हसतखेळत वावरतो आणि संधी साधून पाठीत खंजीर खुपसतो. परिणामी प्रत्येक पक्षात प्रत्येकजण प्रत्येकाकडे संशयाने पाहू लागतो. आपल्याच माणसावर बार काढून पाहणे हा रिवाज पडतो, कारण स्वपक्षीयास गोळी लागत नाही आणि तोतयास लागते. (ही सोय आमच्या कचेरीत असती तर किती कामे मार्गी लागली असती!) आणि माणूस मेला की पडद्यावरील चित्र थिजते, मारणाऱ्याची छबी नीट निरखावयास मिळते, म्हणजे मृतानेच पाहावयाचा पंचनामा. एकाच्याच हातून लागोपाठ चार वेळा मरण आले तर तो तुमचा जाहीर वैरी ठरतो, आणि तशी नोंद सर्वांस दिसते. या साऱ्यावर मलमपट्टी म्हणून, अमुक बाबतीत आपण आपल्या पूर्वीच्या उच्चांकाच्या जवळ पोचला होता, असे सांत्वनाचे वाक्यही खेळ अधूनमधून झळकवितो. इतकी माणुसकी मी वार्षिक गोपनीय अहवालांत पाहिली नाही.

त्या तीन आठवड्यांत ‘बीटा आहे’ हे वाक्य भाच्यांच्या तोंडी असे बसले की ते घरातील सर्व व्यवहारांचे समर्थन होऊन राहिले. स्वतः मेले तर बीटा आहे. दुसरा मेला तर कौशल्य. सूनबाईंना बरे नव्हते म्हणून एके दिवशी त्यांनी शिरा केला, तो बुडाला लागला, पातेले अक्कापुढे ठेवीत ते म्हणाले, “आई, बीटा आहे.” अक्काने चमच्याने तो खरवडून पाहिला आणि म्हणाली, “बीट घातलंस होय? तरीच काळा झालाय.” इकडे त्यांचा अधिकार दिवसेंदिवस वाढत होता. कामावरील मित्र विचारीत, पुण्याचे मित्र विचारीत, शेजारचा चिनी गृहस्थ कुंपणावरून विचारी. आणि भाचे प्रत्येकास, हातचे राखून, तालुक्याच्या मामलेदाराने जमीनमोजणीविषयी बोलावे तसे बोलत. तोफेजवळ कसे जावे हे ते सांगत. हेर कसा ओळखावा हे मात्र ‘ते खेळूनच कळेल’ असे म्हणून राखून ठेवीत.

१० ऑक्टोबरला खेळ सर्वांसाठी खुला झाला. पितृपंधरवडा चालू होता. “पक्षात नवी वस्तू घेत नाहीत रे,” असे अक्काने बजाविले, तेव्हा भाच्यांनी तिला शांतपणे समजाविले की ही वस्तू नवी नव्हे, तिची रक्कम आगाऊ भरलेली आहे. अक्का निरुत्तर झाली. तिला निरुत्तर झालेली मी साठ वर्षांत प्रथमच पाहिली.

त्या रात्री मोठ्या उत्सवाच्या अपेक्षेने मी त्यांच्या खोलीत डोकावलो, तो भाचे खुर्चीत मागे रेलून उदासपणे बसलेले. पडद्यावर चोवीस जणांची झुंबड उडाली होती. पुण्याचा मित्रही आत होता, शेजारचा चिनी गृहस्थही होता, आणि त्या गृहस्थाच्या बारा वर्षांच्या मुलाने भाच्यांना नुकतेच पाठीत खंजीर खुपसून चौथ्यांदा यमसदनी धाडले होते. त्यांना आता कोणी काही विचारीत नव्हते.

“काय झाले रे?” मी विचारले.

“काही नाही मामा. बीटात जी मजा होती ना, ती आता राहिली नाही.”

चुका दुरुस्त झाल्या असतील म्हणून मजा गेली असेल, असे म्हणून मी त्यांचे समाधान करू पाहिले. पण त्यांचे लक्ष माझ्याकडे नव्हते. ते दुसऱ्या एका खेळाच्या आगाऊ नोंदणीचा अर्ज भरीत होते.

जून २०११ मध्ये कंपनीने टीम फोर्ट्रेस टू सर्वांसाठी फुकट केला. २००७ च्या आगाऊ रकमेची पावती भाच्यांनी छापून घेतलेली आहे आणि ती त्यांच्या घरी देवघराच्या खणात, पंचांगाखाली, अद्याप जपून ठेवलेली आहे.