शिल्लक नानांकडे

नरडाण्यात सामाजिक संस्था नोंदवायला सात माणसं लागतात आणि चालवायला एक नाना. उरलेले सहा सह्या करतात. अशाच एका संस्थेची वार्षिक सभा गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब झाली आणि त्याच खुर्च्यांवर पुन्हा भरली. चहा मात्र वेळेवर आला. तेवढ्यात एका पोराने विचारलं, "नाना, हिशोब बघायला मिळेल का?" सभा गार. मागून आवाज आला, "तुनं काय जास रे?"

खरंच, पोराचं काही जात नव्हतं. नानांचंही नव्हतं. जात होतं ते वर्गणीदारांचं.

पारदर्शकतेबद्दल वादच नको. कपाटाला काच आहे, आत ऑडिट रिपोर्ट दिसतो. किल्ली नानांकडे, नाना सुरतेच्या गाडीत. आर्थिक प्रकृतीही ठणठणीत: शिल्लक सगळी रोख, ती नानांच्या खिशात, आणि नानांना साधी शुगरही नाही.

१९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा मात्र भारी संशयी. तपासणीच्या दिवशी हातातली रोकड जुळली का, पाच हजारांवरच्या दुरुस्तीला निविदा मागवल्या का, असले प्रश्न तो ऑडिटरला सोडवायला देतो. ताळेबंदाच्या छापील नमुन्यात, म्हणजे शेड्यूल आठमध्ये, विश्वस्तांना दिलेल्या उचलीसाठी वेगळी ओळच आहे. नमुना आखणाऱ्याने नाना पाहिले असावेत. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. आमच्या शेड्यूल वनवर, म्हणजे संस्थेच्या नोंदणी-उताऱ्यावर, दोघे स्वर्गवासी अजून पदावर आहेत. नानांच्या कारभाराला त्यांची कधीच हरकत नसते.

आता नानांची नजर एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या सीएसआर निधीवर आहे. २०२१ पासून त्याला सीएसआर-१ ची नोंदणी लागते, हे कळल्यावर ते दुखावले. "माणसावर विश्वासच उरला नाही!" उरला आहे की. दोन हजारांपर्यंतच्या रोख देणगीला सरकार अजून प्राप्तिकरात सवलत देतं.

वर्गणीदारहो, धुळ्याला आपण लग्नाच्या बस्त्याला जातोच. पुढच्या खेपेला सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज टाका, फी भरा, हिशोबपत्रकांची नक्कल मागा. शेड्यूल नऊमध्ये, म्हणजे उत्पन्न-खर्चाच्या पत्रकात, संस्थेच्या उद्दिष्टांवर किती खर्च झाला आणि आस्थापनेवर किती, एवढंच आधी बघा. नंतर उचलीची ओळ. स्वतःला जमत नसेल तर त्या पोराला एसटीचं भाडं द्या, आणि त्याच्याकडून तिकीट मागून घ्या.